कॅलरी मोजूनही काटा का हलत नाही?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून घरातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. त्याच वर्षी वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतातल्या औषध दुकानांत आली. मोठ्या साखळी हॉटेलांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापणं तर २०२२ पासूनच बंधनकारक आहे. या सगळ्यातून घरोघर एक निरोप पोचला: मोजून खा, वजन उतरेल.

आणि लोक मनापासून मोजतात. सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या ‘दोन पोळ्या, एक वाटी मटकीची उसळ’ असं मोबाइलवर नोंदवणाऱ्या बायका मुंबईत रोज दिसतात. पहिल्या महिन्यात दोन-तीन किलो उतरतात, घरचे कौतुक करतात. मग काटा जो अडतो, तो आठवडेच्या आठवडे हलत नाही. अशा वेळी दोन उत्तरं हमखास मिळतात. ‘तू नक्की चोरून खात असशील’ हे एक, आणि ‘तुझं मेटाबॉलिझमच बिघडलंय, आमची पावडर घे’ हे दुसरं. पहिलं अन्यायाचं आहे आणि दुसरं धंद्याचं. इतकं काटेकोर वागणाऱ्या माणसाला याहून चांगलं उत्तर मिळायला हवं.

आधी कॅलरी म्हणजे काय

एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जितकी ऊर्जा लागते, ती एक किलोकॅलरी. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो, इथेही तसंच म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने अन्नातल्या ऊर्जेची मोजमापं केली. त्यांतून आलेलं कोष्टक आजही चालतं: एक ग्रॅम प्रथिनाच्या ४, एक ग्रॅम कर्बोदकाच्या ४ आणि एक ग्रॅम चरबीच्या ९ कॅलरी. पाकिटांवरचे आकडे बहुतेक याच गुणाकारातून येतात.

हे आकडे सरासरीचे आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून कोष्टकाप्रमाणे १७० कॅलरी मिळायला हव्यात, पण शरीराला मिळतात १२९ च्या आसपास. बाकीची चरबी बदामाच्या टणक पेशींतून सुटतच नाही. उलट बाजूने, पाकिटातला खाऊ छापील आकड्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरींचा निघाला तरी अमेरिकेतले नियम ते चालवून घेतात. म्हणजे मोबाइलवर दिसणारा ‘१४५२’ हा आकडा फार तर ‘चौदाशे-पंधराशेच्या घरात’ असा वाचावा.

खर्चाची बाजूही अशीच अदमासाची. आपण नुसते पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत चालू असतात, आणि बहुतेकांचा सर्वांत मोठा खर्च हाच असतो. त्यात अन्न पचवायला लागणारी ऊर्जा आणि हालचालीची ऊर्जा मिळवायची. या सगळ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. मेटाबॉलिझम ते हेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची रोजची गरज १६६० कॅलरी आहे आणि ६५ किलोच्या पुरुषाची २११०.

खर्चापेक्षा कमी खाल्लं की उरलेली ऊर्जा साठ्यातून येते. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कमी खाल्ल्या तर पंधरा-सोळा दिवसांत एक किलो, महिन्याला दोन. हे गणित चुकीचं नाही, पण ते कागदावरचं आहे.

फोडणीतलं तेल कुणाच्या नावावर लिहायचं?

कॅलरी मोजणारी बहुतेक ॲप्स ज्या खाण्यासाठी घडली, ते पाकिटातलं आणि एकेकट्याच्या ताटातलं खाणं. आपलं जेवण एका कढईत चौघांसाठी होतं. कांद्याला किती तेल घातलं, वांग्याने किती ओढलं, पोळीच्या घडीत किती गेलं, हे स्वयंपाक करणारीलाही सांगता येत नाही. मग जेवणारा ‘भाजी, एक वाटी’ लिहितो आणि ॲप कुठल्या तरी अनोळखी घरातल्या भाजीचा आकडा दाखवतं.

तेलाचा हिशेब थेंबाथेंबाने करू नये, डब्याने करावा. समजा चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागतं. चार लिटर म्हणजे सुमारे ३.७ किलो. चार माणसं आणि तीस दिवस धरले तर माणशी रोज तीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २७५ कॅलरी. आता त्याच घरातली बाई रोजच्या नोंदीत चार छोटे चमचे तेल लिहीत असेल, तर ते १६५ कॅलरींच्या आसपास भरतं. एकशे दहा कॅलरी कुणीही न चोरता गायब झाल्या. तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं यांचा हिशेब अजून बाकीच आहे. वाण्याच्या यादीवर तेलाचा आकडा स्वच्छ लिहिलेला असतो आणि तो कुठल्याही ॲपपेक्षा खरा असतो.

पोळीचंही तसंच. पाचशे ग्रॅम कणकेच्या साधारण १७०० कॅलरी. त्यातून सोळा पोळ्या झाल्या तर एक पोळी १०६ ची, बारा झाल्या तर १४० च्या वर. दोघी जणी ‘चार पोळ्या’च लिहितात, पण त्यांच्यात दिवसाला दीडशेच्या आसपास कॅलरींचा फरक पडतो. एकदा कणीक वजन करून भिजवावी आणि किती पोळ्या झाल्या ते मोजावं. पुढे घरातली पोळी किती कॅलरींची हे कायमचं कळतं. भाताच्या नोंदीत आणखी मोठी गफलत होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या साडेतीनशे कॅलरी असतात आणि शिजून त्याचा अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. कच्च्या वजनाच्या जागी शिजलेलं किंवा शिजलेल्याच्या जागी कच्चं टाकलं की आकडा अडीच-तीन पटींनी चुकतो.

उपासाच्या दिवशी तर पुष्कळजण काही लिहीतच नाहीत, कारण ‘आज उपास आहे’. साठ ग्रॅम साबुदाणा, वीस ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप एवढ्याची खिचडी चारशेच्या पुढे जाते, बटाटा न धरता.

‘पण मी खोटं लिहीत नाही’

हे खरंच आहे, आणि ते ठामपणे सांगायला हवं. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘आम्ही बाराशे कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या माणसांचा खरा ऊर्जाखर्च शास्त्रज्ञांनी मोजला. त्यासाठी खास खुणेचे अणू असलेलं पाणी प्यायला देतात आणि ते अणू शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून खर्च काढतात. त्यात या लोकांचं चयापचय अगदी सामान्य निघालं. खाण्याच्या नोंदी मात्र सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होत्या आणि व्यायामाच्या ५१ टक्क्यांनी जास्त.

हा अभ्यास अनेकदा ‘बघा, जाडे लोक खोटं बोलतात’ असं सांगायला वापरला जातो, आणि त्याचा मला राग येतो. कारण पुढे दुसऱ्या संशोधकांनी प्रशिक्षित आहारतज्ज्ञांच्या नोंदी अशाच तपासल्या, तेव्हा त्यांच्याही रोज दोनशेहून अधिक कॅलरी लिहायच्या राहिलेल्या निघाल्या. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांचीही नोंद चुकते. मुलाच्या डब्यात उरलेला पराठा, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, चारदा झालेला गोड चहा, मीठ बघायला चाखलेली आमटी हे सगळं हातून सुटतं, कारण ते जेवण म्हणून लक्षातच राहत नाही.

वजनकाट्याला चरबी ओळखू येत नाही

काट्यावर आपण चरबी, स्नायू, पाणी आणि पोटातलं अन्न असं सगळं मिळून उभे राहतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. पहिल्या महिन्यातल्या कौतुकाच्या दोन-तीन किलोंत यातला मोठा वाटा असतो. पुढचा वेग त्याच्याशी ताडून पाहिला की निराशा ठरलेलीच.

नंतरही पाणी वरखाली होत राहतं. पापड-लोणचं किंवा चायनीज खाल्लं की मिठाने पाणी धरून ठेवलं जातं. पाळीच्या आधी काही दिवस अनेकींचं वजन वाढतं. नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं. बद्धकोष्ठ असेल तर तेही काट्यावर दिसतं. एक-दीड किलोचा फरक दोन दिवसांत सहज पडतो, आणि आठवड्याभरात खरी चरबी उतरलेली असते दीडशे-दोनशे ग्रॅम.

दादरच्या चौपाटीवर उभं राहून ओहोटी लागली की नाही हे एका लाटेवरून कुणी ठरवत नाही. एखादी लाट आधीच्या लाटेच्या पुढेही येते आणि तरी पाणी मागे हटत असतं. थोडा वेळ थांबून ओल्या वाळूची रेषा बघावी लागते. वजनाचंही तेच: सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी वजन करावं, आठवड्याची सरासरी काढावी आणि या आठवड्याची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडावी. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी तर मागच्या पाळीतल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. रोज काट्यावर उभं राहून ज्यांचा दिवस बिघडतो त्यांनी कंबर मोजावी, पंधरा दिवसांतून एकदा, बेंबीच्या पातळीला.

शरीर खर्च आवरतं घेतं

वजन उतरलं की खर्चही उतरतो, कारण लहान शरीर चालवायला कमी ऊर्जा लागते. त्याखेरीज शरीर आपण होऊन थोडी काटकसर करतं. माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्टकडे वळतो, बसल्या जागी चुळबुळही कमी करतो. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अंदाज मांडला की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. चार किलो उतरलेल्या माणसाला रोज चारशे कॅलरी जास्त खाव्याशा वाटतात. संध्याकाळी सातला स्टेशनबाहेरच्या वड्याचा वास जीवघेणा वाटतो तो यामुळे. याला हावरटपणा म्हणणं चूक आहे.

एका बाईचा पूर्ण हिशेब

समजा, डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणारी, ४२ वर्षांची, ७८ किलो वजनाची आणि १५७ सेंटिमीटर उंचीची एक स्त्री आहे. तिचा रोजचा खर्च साधारण १९५० कॅलरी. ती १४५० ठरवते. कागदावर ५०० ची तूट.

डब्यातल्या तेलाच्या ११० आणि पोळ्यांच्या १४० कॅलरी नोंदीतून सुटल्या. खरी तूट उरली २५० ची. म्हणजे महिन्याला दोन किलोंऐवजी एक. पाचेक महिन्यांत चार किलो उतरले, तसा खर्च शंभरने घटला, आणि तूट उरली १५० ची. आता महिन्याला सहाशे ग्रॅमही उतरत नाहीत, आणि काट्यावर पाण्याची हालचाल त्याच्या दुप्पट. तिला दिसतं ते एवढंच की काटा अडला. प्रत्यक्षात तिचा प्रयत्न लागू पडतो आहे.

हॉल यांच्या गटाने २०११ मध्ये एक ठोकताळा दिला होता: खाण्यात रोज २४ कॅलरींची कायमची घट केली की कालांतराने सुमारे एक किलो उतरतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळपास सगळा तीन वर्षांत. तीन वर्षं! ‘एका महिन्यात दहा किलो’ अशा जाहिराती लोकलच्या डब्यांच्या दारांशी चिकटवलेल्या शहरात हा आकडा कुणी सांगत नाही.

‘पण मी रोज चालते, घड्याळ चारशे दाखवतं’

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. ७४ किलोच्या माणसाने शिवाजी पार्कभोवती चार किलोमीटर चालून साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या पन्नासेक तो घरी बसला असता तरी झाल्याच असत्या. एका वडापावच्या तीनशेच्या आसपास असतात. म्हणून घड्याळातल्या कॅलरी खाण्याच्या हिशेबात जमा धरू नयेत. चालणं सोडू मात्र नये. साखर, रक्तदाब, स्नायू आणि उतरलेलं वजन टिकवणं, या चारही गोष्टींसाठी ते लागतं.

‘चाळिशी आली, थायरॉइड आहे, त्याचं काय?’

२०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांतून दिसलं की शरीराचा आकार लक्षात घेतला तर वीस ते साठ या वयात चयापचय जवळपास स्थिर असतं. चाळिशीत बदलतात ते स्नायू, झोप, कामाची धावपळ आणि पाळी जाण्याच्या सुमारास चरबी साठण्याची जागा.

थायरॉइड मंदावलं तर वजन वाढतं हे खरं, पण सहसा दोन ते साडेचार किलो, आणि त्यातलं बरंचसं पाणी व मीठ. गोळी नीट चालू असेल आणि रक्ताच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारा आकडा, योग्य असेल, तर न उतरणाऱ्या पंधरा किलोंचं खापर थायरॉइडवर फोडता येणार नाही. पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा एक विकार), स्टेरॉइड, इन्सुलिन, नैराश्यावरची आणि फिट्सवरची काही औषधं यांनी वजन वाढतं किंवा उतरायला जड जातं. ही औषधं मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना पर्याय विचारावा. नोंद नीट तपासून, तेलाचा डबा धरूनही तीन महिने सरासरी आणि कंबर दोन्ही जराही हलली नाहीत, तर तपासण्या करून घ्याव्यात. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रियांनी आणि खाण्याशी भांडण झालेल्या, उपाशी राहून मग अनावर खाणाऱ्यांनी कॅलरी मोजण्याच्या फंदातच पडू नये.

‘मग आणखी कमी खाऊ का?’

हा सर्वांत धोक्याचा मार्ग. फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू मुळातच आपल्याकडे कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. अशा शरीरातून स्नायू घालवून काट्यावरचा आकडा खाली आणणं हा तोट्याचा सौदा आहे. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं किंवा मासळी यांपैकी काहीतरी भरपूर हवं, आणि आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम.

झोपेचाही इथे संबंध आहे. शिकागोतल्या एका छोट्या प्रयोगात त्याच लोकांना तितकंच खाणं देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला. पहाटे ५.१२ ची गाडी पकडणाऱ्याला ‘आठ तास झोपा’ सांगणं सोपं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी रात्री मोबाइलवर जाणारा पाऊण तास आणि आणखी शंभर कॅलरींची कपात यांत निवड करायची असेल, तर मी झोप निवडायला सांगेन.

सहाशे ग्रॅमसाठी एवढी उठाठेव?

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ध्येय होतं सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. आपल्या डोंबिवलीच्या बाईसाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. त्यातले चार तिने आधीच उतरवले आहेत.

आपल्या जवळचा निष्कर्ष चेन्नईचा आहे, २००६ चा. तिथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने असाच अभ्यास भारतीय लोकांवर केला. खाणं सुधारलं आणि चालणं वाढवलं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं सरासरी वजन जवळजवळ हललंच नव्हतं.